हवालदाराच्या नावाचा पेंढा

कुत्रेवाल्याला झटका आला तो ऐन पानगळीत, आणि त्यानंतर त्याच्या तोंडात एकच शब्द उरला: उद्या. पाणी हवं असलं तरी उद्या, कूस बदलायची असली तरी उद्या, बायको डोळे पुसायला लागली तरी उद्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सगळं पुसलं जातं आणि एखादाच शब्द चिकटून राहतो, त्याला अर्थ असतोच असं नाही. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता. कळत मात्र सगळं होतं. ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं आणि तेच बघवत नसे.

कारखान्यांची, गोदामांची राखण करून थकलेली कुत्री मालकांना नकोशी झाली की ती ह्याच्या दारात आणून सोडली जात. कुणी सांगून सोडी, कुणी भल्या पहाटे फाटकाला बांधून पळून जाई. तो सगळ्यांना ठेवून घ्यायचा. घरामागच्या अंगणात त्याने स्वतःच्या हाताने लाकडी खोप्या ठोकल्या होत्या, विटांवर उचललेल्या, प्रत्येकीला छपराखाली एक लहानसं भोक. सध्या पाच कुत्री होती. डोळ्यात फूल पडलेला चकणा, जाड्या भोपळ्या, कानाने गेलेली बहिरी, हाडं मोजून घ्यावीत अशी म्हातारी, आणि शेवटच्या खोपीत, इतरांपासून लांब, हवालदार. हवालदाराला त्याच्या मालकाशिवाय कुणी हात लावत नसे.

बायको शिवणकाम करायची. सगळी वस्ती तिला शिवणवाली म्हणूनच ओळखायची. तिला कुत्र्यांचं कधीच प्रेम नव्हतं. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, कुत्रं घरात येणार नाही. ती त्याने पाळली. तो अंगणात, ती मशीनवर, असा दोघांचा संसार इतकी वर्षं गुण्यागोविंदाने चालला होता. आता तो मागच्या खोलीत खिडकीशी पडून होता आणि अंगण तिच्या गळ्यात आलं होतं.

मदतीला नणंद येऊन राहिली होती. नवऱ्याची थोरली बहीण, जिभेची तिखट, हाताची कामसू. तिला कुत्र्याच्या केसांनी दमा उठायचा, म्हणून ती अंगणाकडचं दार उघडायचीसुद्धा नाही.

"तुझे हाल कुत्रं खाणार नाही म्हणतात ना," ती म्हणायची, "इथे तर पाच-पाच बसलीत खायला."

"वन्सं, नका ना बोलू. ह्यांना ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू. मी त्याच्या तोंडावरच सांगते. माणसाचं बघ आधी. मग जनावराचं."

थंडीची लाट येणार असं रेडिओवर दोन दिवस सांगत होते. मग एका दुपारी वारा फिरला, आभाळ जस्ताच्या पत्र्यासारखं झालं आणि संध्याकाळच्या आत पाण्याच्या भांड्यांवर बर्फाची साय धरली. कुत्री खोप्यांतून बाहेर येईनात. म्हातारी उभी राहिली तरी तिचे मागचे पाय लटलट कापत होते.

शिवणवालीला जे येत होतं ते तिने केलं. कपाटातल्या जाड रजया काढल्या. गिऱ्हाईकांच्या कामातून उरलेलं लोकरीचं कापड काढलं. प्रत्येक खोपीत एकेक रजई नीट चौघडी करून अंथरली. वारा छपराखालच्या भोकातून आत शिरतोय हे हाताला लागलं, तेव्हा तिने चिंध्यांचे बोळे करून एकूण एक भोक गच्च बुजवलं. हवालदाराच्या खोपीत मात्र तिने रजई लांबूनच काठीने ढकलली, कारण त्याने दात दाखवले. एरवी ती घाबरून पळाली असती. त्या दिवशी तिला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

मान वर करून पाहिलं तर खिडकीच्या काचेआड नवऱ्याचा चेहरा. तोंडाची उघडझाप करत होता. डाव्या हाताने काचेवर थापा मारत होता.

ती धावत आत गेली. "काय झालं? दुखतंय का कुठे?"

"उद्या! उद्या! उद्या!" त्याच्या कपाळावरची शीर टरारली होती. डावा हात खिडकीकडे, मग तिच्याकडे, परत खिडकीकडे.

"तो म्हणतोय आता पुरे कर, बाकीचं उद्या," नणंद म्हणाली. "बरोबरच आहे. ओठ बघ स्वतःचे, निळे पडलेत."

त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. त्याला थकवा आला असेल असं समजून शिवणवालीने त्याचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

सकाळी अंगणात पाय टाकला तेव्हा एकही कुत्रं भुंकत नव्हतं. चकण्याच्या खोपीशी ती वाकली. आत भिंतींना, छताला आतून बर्फ धरला होता. कुत्र्याचाच श्वास, बाहेर जायला वाट न मिळालेला, लाकडावर बसून गोठला होता. रजई ओली होऊन मग फळीसारखी कडक झाली होती आणि चकणा तिच्यापासून अंग चोरून कोपऱ्यात उभा होता. झोपलाच नव्हता. भोपळ्याचं तेच, बहिरीचं तेच. हवालदाराने रजई दातांनी ओढून बाहेर फेकून दिली होती आणि उघड्या फळ्यांवर वेटोळं करून तो थरथरत होता.

म्हातारीला तेवढी ताकद नव्हती. जिथे निजवली तिथेच ती निजली होती. तिचे पोटाकडचे केस रजईला चिकटले होते. शिवणवालीने तिला उचलायला हात घातला तर कुत्री आणि रजई एकत्रच उचलली गेली.

तिने तिला त्याच रजईत गुंडाळून अवजारांच्या पडवीत नेऊन ठेवलं. पुरायचं म्हटलं तरी जमीन दगड झाली होती. मग ती आत आली आणि नवऱ्याच्या पलंगाशी खाली बसली.

"तुम्ही नको म्हणत होतात," ती म्हणाली. "काल तुम्ही मला नको म्हणत होतात आणि मी तुम्हाला पांघरूण घालत बसले."

त्याने डाव्या हाताने तिचा कान धरून हलकेच ओढला, जसा तो कुत्र्यांचा ओढायचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळी रडली. पण रडायलाही वेळ नव्हता. रेडिओ सांगत होता की आज रात्री कालच्यापेक्षा जास्त, आणि पुढचे चार दिवस उतार नाही.

ती पडवीत गेली आणि हाताला येईल ते आणून त्याच्यापुढे धरायला लागली. ताडपत्रीचा तुकडा. त्याने डोळ्यांनी होकार दिला आणि हाताने दारासारखं वर-खाली केलं. म्हणजे खोपीच्या तोंडाला पडदा. लाकडी फळी. होकार, आणि पंजा उभा धरून मधोमध चिरल्यासारखी खूण. हे कळायला वेळ लागला. तिने दोन्ही हातांत जागा दाखवली, मोठी, मग लहान. लहान म्हटल्यावर तो जोरजोरात मान डोलवायला लागला. खोपी कुत्र्याच्या अंगाला बेताची हवी, म्हणजे त्याच्याच उबेने तापते. मोठी असली तर ऊब पसरून जाते. चिंध्यांचा बोळा दाखवला तर त्याने तो हिसकून भिंतीवर फेकला. भोकं उघडी. कळलं.

"आणि अंथरायला? खाली काय?"

"उद्या," तो म्हणाला आणि ओठ दाबून धरले. त्याला शब्द हवा होता आणि तो येत नव्हता. तिने पोतं दाखवलं. नाही. सतरंजी. नाही. वर्तमानपत्रं. नाही, नाही. ती परत पडवीत गेली, वेड्यासारखी सगळीकडे शोधायला लागली, तेव्हा फावड्यामागे भिंतीच्या सांदीत चार पिवळ्या काड्या अडकलेल्या दिसल्या.

पेंढा. दर वर्षी पानगळीत तो गाडी घेऊन लांबच्या मळ्यावरून पेंढ्याचे गठ्ठे आणायचा. ह्या वर्षी त्याच आठवड्यात तो पडला. आणि गेल्या वर्षीचा जुना पेंढा तिने स्वतः, घाण झाली म्हणून, जाळून टाकला होता.

तिने त्या काड्या त्याच्यापुढे धरल्या. त्याने त्या मुठीत पकडल्या आणि मूठ सोडेना.

मळ्याचा रस्ता रात्री पडलेल्या बर्फाने बंद होता. गाडी तिला चालवता येत नव्हती, आणि चालवता आली असती तरी जाणार कुठे? नदीच्या अलीकडे पेंढा एकाच माणसाकडे होता, गोठेवाल्याकडे. आणि त्या दारात ह्या घरातलं माणूस पाय ठेवू शकत नव्हतं.

एकेकाळी गोठेवाला त्यांच्याकडे दूध घालायचा. एका सकाळी हवालदाराची साखळी तुटली आणि त्याने गोठेवाल्याचा उजवा हात धरला. सोडवेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. हाताची दोन बोटं कायमची आखडली. ज्याचं पोट धार काढण्यावर त्याची बोटं गेली. गोठेवाल्याने फक्त एकच मागितलं होतं, तो कुत्रा जिवंत ठेवायचा नाही. कुत्रेवाला हो म्हणाला होता. आणि मग त्याच्याने ते झालं नाही. तेव्हापासून गोठेवाला ह्या रस्त्याने फिरकलाच नव्हता.

"पेंढा राहिला बाजूला, आधी कुत्रं मार म्हणेल तो," नणंद म्हणाली. "जाऊ नकोस. हाडतुड करून घेशील."

"मग काय करू? तुम्हीच सांगा."

नणंदेने स्वतःचे लोकरी हातमोजे काढून भावजयीच्या हातात कोंबले.

गोठ्यात जनावरांच्या श्वासाने ऊब होती. दार लोटून आत आल्यावर शिवणवालीचं नाकच वितळल्यासारखं झालं. गोठेवाला पाठमोरा बसून धार काढत होता, सगळं काम डाव्या हाताने, उजवा नुसता आधाराला. मागे माळ्यापर्यंत पेंढ्याचे गठ्ठे रचलेले होते. सोनं रचावं तसे.

"भाऊ," ती म्हणाली.

त्याने मागे वळून पाहिलं, ओळखलं, आणि परत तोंड फिरवलं. "बोला वहिनी."

"थोडा पेंढा हवा होता."

"कशाला?"

"कुत्र्यांना. रात्री गारठून मरायला लागलीत."

चरवीत धार पडत राहिली. "तो आहे का अजून?" त्याने विचारलं.

कोण, असं विचारायची गरज नव्हती. खरं सांगायचं असं वाटेत ठरवूनच ती आली होती. पाया पडायची, रडायची, हवं ते करायची तिची तयारी होती. पण त्या रचलेल्या गठ्ठ्यांकडे बघत असताना तिच्या तोंडून आलं ते भलतंच.

"गेला. काल रात्री गेला."

धार थांबली.

"हवालदार?"

"हो."

तो उठून उभा राहिला. चेहऱ्यावर आनंद नव्हता. उलट कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखा तो गोंधळलेला दिसला. आखडलेल्या बोटांवर त्याने डावा हात चोळला.

"बाकीच्यांनी काय केलंय," तो शेवटी म्हणाला. "त्यांना मरू कशाला द्यायचं. तुम्ही डोक्यावर किती नेणार? ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतो, आणून टाकतो."

"नको नको भाऊ, मी नेते ना हळूहळू..."

"मला यायचंच आहे. एकदा बघायचंय त्याला. मेलेला का होईना." तो माळ्याकडे वळला. "तुम्ही व्हा पुढे."

शिवणवाली धावत सुटली. रस्ता सोडून शेताच्या कडेने, घसरत, पडत, गुडघे फोडून घेत ती घरी आली. मागे लांबवर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज येत होता.

हवालदार वेटोळ्यात होता. तिला बघून त्याने ओठ वर केला. एरवी त्याच्या साखळीच्या टप्प्यातसुद्धा तिने पाऊल टाकलं नव्हतं.

"चाव," ती म्हणाली. "चावायचं तर चाव, पण चल." आणि तिने खोपीत अर्धं अंग घालून त्याची साखळी सोडवली, पट्टा धरला.

तो चावला नाही. चावायला लागणारा जोरच त्याच्यात नव्हता. मागचे पाय आखडून गेले होते. तिने त्याला काखांतून धरून ओढला, मग छातीशी घेऊन अर्धा उचलला, अर्धा फरफटवला. त्याचं सगळं अंग थडथड उडत होतं आणि त्या थरथरीने तिचेच दात वाजायला लागले. दार पायाने ढकललं.

"वन्सं, नाकाला फडकं बांधा!"

"अगं बाई! हा आत?"

"विचारू नका. तो येतोय. ह्याला मेलेला सांगितलाय मी."

नणंदेने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे. मग फडकं नाकावर आवळलं आणि मागच्या खोलीचं दार उघडून धरलं. हवालदाराला पलंगाशी ठेवून शिवणवाली बाहेर आली तोच ट्रॅक्टर फाटकातून आत वळला.

गोठेवाल्याने एका हाताने गठ्ठे उतरवायला सुरुवात केली. तीही लागली. अर्धी ट्रॉली रिकामी झाली. तिला वाटत होतं, काम करता करता तो विसरेल. तो विसरला नाही. हात झाडत म्हणाला, "कुठंय?"

पडवीत रजईचं गाठोडं होतं. तिने लांबूनच दाखवलं. "भाऊ, राहू दे ना. काय बघायचंय त्यात? वाईट दिसतंय."

"माझी बोटं पण वाईटच दिसतात," तो म्हणाला आणि खाली बसला. गोठलेली रजई उलगडेना. त्याने डाव्या हाताने ओढून ओढून एक बाजू सोडवली. पिंगट केस, पांढरं पडलेलं लहानसं तोंड.

हवालदार काळा होता.

गोठेवाल्याने रजई परत मिटली, अगदी नीट, तोंडावर. उठला. तिच्याकडे न बघता ट्रॉलीकडे गेला आणि खाली टाकलेला पहिला गठ्ठा उचलून परत वर फेकला.

"भाऊ..."

दुसरा गठ्ठा. ती धावली आणि तिसऱ्या गठ्ठ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली.

"वहिनी, सोडा."

"नाही सोडणार."

"तेव्हा नवऱ्याने फसवलं, आता तुम्ही. तुमच्या घरात कुणी खरं बोलतं का?"

"नाही बोलत," ती ओरडली. "बोलायला कोण उरलंय घरात? काय करायचं ते मला काही कळत नाही. मी रजया घातल्या आणि ती मेली, मीच मारली. आज रात्री आणखी मरतील. मला मारा हवं तर. पण पेंढा नेऊ नका."

घराचं दार उघडलं. नणंद नाकाला फडकं बांधून उभी होती, छातीतून शिट्टी वाजत होती.

"हवालदार आत आहे," ती म्हणाली. "ये. बघायचाय ना? बघ. आणि आलाच आहेस तर माझ्या भावालाही बघ."

"मला त्याच्याशी बोलायचंच आहे," गोठेवाला म्हणाला आणि तरातरा आत गेला.

शिवणवाली मागोमाग गेली तोवर तो खोलीच्या मधोमध थांबला होता. कुत्रेवाला आजारी आहे एवढं त्याने ऐकलं होतं. हे असं, वाळलेलं, तोंड एका बाजूला उतरलेलं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उजवा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता, आणि हवालदार त्या हाताखाली डोकं घालून पडला होता. अजून कापत होता. परका माणूस आल्याचं त्याला कळलं, पण नुसता डोळा वळवला. तोंडावरचे केस पांढरे झालेले. वरच्या ओठातून एकच सुळा दिसत होता.

"उद्या," कुत्रेवाला म्हणाला. त्याने डावा हात वर करायचा प्रयत्न केला. "उद्या. उद्या."

"तेवढंच बोलता येतं त्यांना," शिवणवाली म्हणाली. "दुसरं काही येत नाही."

गोठेवाल्याच्या तोंडातून हसण्यासारखा आवाज निघाला, पण ते हसू नव्हतं. "तेव्हाही हेच म्हणाला होता. मी दवाखान्यातून हात बांधून आलो, म्हटलं, कधी मारणार त्याला? म्हणाला, उद्या."

कुत्रेवाल्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो रडत होता का काही सांगत होता, ते कुणालाच कळलं नाही. गोठेवाल्याने आखडलेला हात खिशात घातला. तो कुत्र्याकडे वळला.

"ह्याला स्वप्नात बघून मी ओरडत उठतो," तो हळूच म्हणाला. "अजून. बायको हलवून जागं करते. आणि हा असा झालाय होय."

तो बाहेर गेला. ट्रॅक्टरवर चढला. इंजिन सुरू करून मग म्हणाला, "खाली आहे तेवढा ठेवा. तो बाकीच्यांचा. त्यातली एक काडी त्याच्या अंगाखाली गेलेली मला चालणार नाही. ते माझ्याच्याने होणार नाही, वहिनी."

"नाही जाणार," ती म्हणाली.

"आता खरं बोलताय?"

"आता खरं."

तो गेला. ट्रॉलीवर चढवलेले गठ्ठे तसेच घेऊन गेला.

दिवस कलला होता. उरलेला पेंढा तीन खोप्यांना नीट पुरणारा नव्हता, म्हणून फळ्या लागणारच होत्या. शिवणवालीला खिळा सरळ ठोकता येत नव्हता. नणंदेला येत होता. फडकं नाकावर, डोळे लाल, दर चार घावांमागे खोकत ती खोप्यांच्या आत फळ्या ठोकत गेली आणि शिव्या देत गेली, कुत्र्यांना, भावाला, थंडीला, खिळ्यांना. शिवणवालीने आतला बर्फ विळ्याने खरवडला, कोरड्या फडक्याने लाकूड पुसलं, भोकांतले बोळे उपसून काढले. मग पेंढा मोकळा करून, न दाबता, कोपरापर्यंत हात बुडेल इतका भरला. ताडपत्रीचे पडदे तिने मशीनवर शिवले, खालच्या कडेला वाळू भरलेली कापडी नळी घालून, म्हणजे वाऱ्याने उडू नयेत. ते मात्र तिला येत होतं.

चरबी घातलेलं गरम खाणं तिने तिघांना दिलं. पाणी कोमट करून समोर उभं राहून पाजलं. भोपळ्या सगळ्यांत आधी खोपीत शिरला, पेंढ्यात नाक खुपसलं, तीन वेळा गोल फिरला, आणि बघता बघता त्याचे नुसते कान तेवढे वर राहिले. चकणा गेला. बहिरी दारातच उभी राहिली. तिला कालची रजई आठवत असावी. शिवणवालीने स्वतः आत डोकं घालून पेंढ्यात हात फिरवून दाखवला, तेव्हा कुठे ती शिरली.

आणि हवालदार? त्याला पेंढा नव्हता. शब्द दिला होता. त्याला बाहेर घालणं म्हणजे मारणं, आणि आत ठेवणं म्हणजे नणंदेचा जीव टांगणीला लावणं. शिवणवाली दारात उभी राहून एकदा आत बघे, एकदा बाहेर.

"बघतेस काय," नणंद म्हणाली. तिला वाक्य पुरं करायला दम लागत होता. "राहू दे त्याला. मी पुढच्या खोलीत बसते. खिडकी उघडून."

"वन्सं, ह्या थंडीत खिडकी?"

"मग काय करतेस? माझ्यासाठी पण एक खोपी ठोक."

ती विनोद करत होती, पण हसली दोघींपैकी कुणीच नाही. चार दिवस नणंद शिवणयंत्राशी खुर्ची टाकून, अंगावर दोन पांघरुणं घेऊन, उघड्या खिडकीशी बसून श्वास ओढत राहिली. शिवणवालीला कुणाकडे आधी धावावं ते कळेना. नवऱ्याची कूस, नणंदेची छाती, कुत्र्यांचं पाणी. भांडं ठेवून वळेपर्यंत पाणी गोठायचं. तिसऱ्या दिवशी नणंदेची नखं निळी दिसायला लागली तेव्हा तिने हवालदाराला बाहेर काढायचं ठरवलं. पट्टा धरला. पलंगावरून नवऱ्याने तिचं मनगट पकडलं. ती सोडवायला लागली, तो सोडेना. दोघं नवराबायको असे मुकाट्याने झटत राहिले. शेवटी तिनेच पट्टा सोडला आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. त्या क्षणी तिला नवऱ्याचा इतका राग आला की आपण त्याच्या तोंडावर काही बोलू ह्या भीतीने ती अंगणात निघून गेली आणि तिथे बर्फावर लाथा मारत राहिली.

रस्ता मोकळा झाला त्या सकाळी नणंदेला दवाखान्यात नेलं. तिथून तिच्या लेकीने तिला परस्पर आपल्या घरी नेलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मी येईन गं. पण तो आत असेपर्यंत नाही." शिवणवालीने बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर घर इतकं मोठं वाटायला लागलं की तिने उगाचच मशीन चालवून ठेवलं, सुईत दोरा नसताना.

चकण्याच्या डाव्या कानाचं टोक काळं पडून गळून गेलं. बहिरीच्या पंजांना भेगा पडल्या. पण तिन्ही कुत्री जगली. हवालदारही जगला, आतल्या खोलीत, कुणाला न चावता, म्हाताऱ्या माणसासारखा कण्हत. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायला शिकली नाही. नुसती ओलांडून जायची.

आठवड्याभरात पेंढा खालून ओला झाला. हात घातला तर गार, कुबट लागायचा. ओला पेंढा काय करतो ते तिला आता कुणी सांगायला नको होतं. आभाळ परत जस्ताचं झालं होतं आणि रेडिओ परत बोलायला लागला होता.

ती गोठ्यावर गेली. ह्या वेळी मनात काही ठरवलं नव्हतं.

"भाऊ, पेंढा ओला झाला," ती म्हणाली. "तो जिवंत आहे. घरातच असतो. त्याला काडीही दिलेली नाही. बाकीच्या तिघांना लागतोय."

गोठेवाला धार काढत होता. त्याने मान वळवली नाही. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ती उभी राहिली. गाईने शेपूट उडवली. चरवी भरत गेली.

शेवटी ती स्वतःच गठ्ठ्यांपाशी गेली. एक खाली ओढला. मागे बघितलं. तो बघत नव्हता. तिने तो दोरीने पाठीवर बांधला, दुसरा काखेत मारला आणि दारातून आडवी होऊन बाहेर पडली. कुणी हाक मारली नाही. वाटेत हिमाचे कण पडायला लागले तेव्हा ती थांबली, अंगावरची शाल काढून पेंढ्यावर पसरली, दोरी परत घट्ट केली आणि वाकून चालू लागली. अजून दोन खेपा करायच्या होत्या, आणि दिवस लवकर मावळत होता.